पोरगं सातवीत गेलं की घरात करायची कामं: झोप, डोकं आणि माव्याची पुडी

कंपासपेटीत रबर बँड कशाला लागतात? हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. एक दिवस दहावीच्या बॅचमधल्या एका पोराची पेटी बाकावरनं खाली पडली आणि कर्कटक, अर्धी पेन्सिल, कोनमापक आणि सात-आठ बारके रंगीत रबर बँड फरशीवर पसरले. मागच्या बाकावरची पोरं हसली. का हसली ते मला लगेच कळलं, कारण मी स्वतः अकरा वर्षं मावा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला) खाल्लाय आणि प्रत्येक पुडीला असला एक रबर असतो. संध्याकाळी आईला फोन केला तर ती बिचारी म्हणाली, "सर, मला वाटलं जमवू लालाय, म्हणून दुधाच्या पिशवीचे पण मीच दिले की."

सोलापुरात सोळा वर्षं गणिताचे क्लास घेतोय. मी डॉक्टर नाही, पण बारा ते अठरा वयाची पोरं-पोरी रोज तीन तास समोर बसतात, स्वतः व्यसनातनं बाहेर आलोय आणि या विषयावर जमेल तेवढं वाचलंय, डॉक्टरांना विचारून घेतलंय. पालक फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. लांब आहे, दोन बैठकीत वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पोरगं आयुष्यात कधीच कशाला हात लावणार नाही अशी गॅरंटी तुम्हाला कोण देणार नाही. तुमच्या हातात आहे ते म्हणजे ढकलणं. तेरावरनं पंधरा, पंधरावरनं अठरा, अठरावरनं एकवीस. जेवढं ढकलाल तेवढं जिंकलात. खालची सगळी कामं शेवटी ढकलण्याचीच आहेत.

डोक्यात चाललंय काय

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात कापड विणायच्या मागावर होते. मागाला एक सोय असते, धागा तुटला की माग आपोआप थांबतो. नवीन बसवलेल्या मागाचं ते सेटिंग नीट झालेलं नसलं की धागा तुटून गेलेला असतो आणि माग आपला खडखड चालूच, टॉवेलभर भोक. पोरांचं डोकं या वयात असंच असतं. कपाळामागचा भाग, ज्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, त्याचं काम थांबवायचं, पुढचा विचार करायचा. तो पूर्ण तयार व्हायला पंचविशीच्या आसपास जावं लागतं. आणि मजा, बक्षीस, थरार याचं जे यंत्र आत खोलवर आहे, डोपामिनवर चालणारं, ते मात्र बाराव्या-तेराव्या वर्षी जोरात सुरू होतं. अमेरिकेत 1990 च्या दशकात तीच तीच पोरं दर काही वर्षांनी एमआरआयमध्ये घालून बघितली, तेव्हा कळलं की मेंदूची बांधणी लहानपणी संपत नाही, कॉलेजच्या वयापर्यंत चालू राहते.

या काळात मेंदू दोन कामं करतो. जे कनेक्शन वापरात नाही ते छाटतो, आणि जे रोज वापरात आहे त्याच्यावर मायलिन नावाचं वेष्टण चढवून ते पक्कं करतो. म्हणून या वयात शिकलेला तबला विसरत नाही, पोहणं विसरत नाही. मावा पण विसरत नाही. चाळिशीत सिगरेट धरलेला माणूस आणि चौदाव्या वर्षी धरलेलं पोरगं एकच सिगरेट ओढतात, पण दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट होत नाही.

निकोटीनचं गणित तर प्रत्येक पोराला फळ्यावर काढून दाखवावं असं आहे. मेंदूत निकोटीन पकडणाऱ्या जागा असतात, खात राहिलं की त्या जागा वाढतात, मग रिकाम्या राहिल्या की त्या ओरडतात, चिडचिड, लक्ष लागत नाही, हात शिवशिवतात. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. मी बोर्डाच्या सरावाचे तीन तासांचे पेपर घेतो, त्यात खाणारं पोरगं ओळखायला तोंड हुंगायला लागत नाही. दुसरा तास संपला की चुळबुळ सुरू, "सर, पाणी पिऊन येऊ का". पोरं म्हणतात टेन्शन घालवायला खातो. अरे बाबा, जे टेन्शन घालवतोयस ते मागच्या पुडीनंच आणलंय.

दारूचं वेगळं. मोठ्या माणसाला तीन पेगनंतर झोप येते, तोल जातो, म्हणजे शरीर सांगतं बस कर. पोरांना हे उशिरा जाणवतं म्हणून ती जास्त पितात, आणि आठवण साठवणाऱ्या भागाला मार मात्र जास्त बसतो. अमेरिकेत एक मोठं सर्वेक्षण झालं होतं, 1997 साली छापलंय. पंधराच्या आत दारू सुरू केलेल्यांपैकी जवळपास 40 टक्के लोकं आयुष्यात कधीतरी दारूच्या पूर्ण कह्यात गेली, आणि विशीत किंवा नंतर सुरू केलेल्यांमध्ये हाच आकडा 10 टक्क्यांच्या आसपास. आता यात एक गोम आहे, पंधराव्या वर्षी पिणाऱ्या पोराच्या घरात आधीच बरंच काय काय बिघडलेलं असू शकतं, सगळा दोष बाटलीवर टाकता येत नाही. तरी पण ढकला म्हणतोय ते याच्यासाठी.

पहिलं काम झोपेचं, व्यसनाचं भाषण नंतर

तुम्हाला वाटेल हा माणूस व्यसनाचं सांगता सांगता झोपेवर कुठं आला. वयात आलं की झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, पोरगं अकराच्या आत झोपत नाही ते दरवेळी माज म्हणून नसतं. पण गरज असते आठ ते दहा तासांची. त्यात सकाळी सहाचा क्लास लावला की रोज दोन-तीन तासांची उधारी. उधारीवरचं डोकं चिडकं असतं, उदास असतं आणि मघाशी सांगितलेलं थांबायचं सेटिंग सगळ्यात आधी तेच ढिलं पडतं. मग जागं राहायला एनर्जी ड्रिंक, त्यानं पुन्हा झोप नाही, मग कोणतरी म्हणतं अभ्यासाला जागायचंय तर पुडी लाव.

मी माझी सहाची बॅच बंद करून पावणेआठची केली. दोन पोरं दुसऱ्या क्लासला गेली, जाऊ दे.

घरात करायचं काय, तर रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचे म्हणजे पप्पांचा पण. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशी एक-दीड तासापेक्षा जास्त पुढं नको. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं उन्हात, सोलापुरात उन्हाची काय कमतरता नाही. उन्हाळ्यात घरात झोपच लागत नसेल तर गच्चीवर टाका गाद्या, पण फोन खाली. एवढं तीन आठवडे करून बघा, निम्म्या पालकांचा "हल्ली लै उलटं बोलतो" हा प्रॉब्लेम जरा तरी खाली येतो, हे मी माझ्या अनुभवावरनं सांगतोय, कुठल्या अभ्यासातनं नाही.

दुसरं: बोलायचं कसं आणि कधी

दहावीपर्यंत थांबू नका. 2019 च्या देशभरातल्या शाळांच्या तंबाखू सर्वेक्षणात 13 ते 15 वयाच्या 8.5 टक्के पोरा-पोरींनी सध्या तंबाखू वापरतो असं सांगितलंय, आणि खायची तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांनी वयाच्या दहाव्या वाढदिवसाच्या आत सुरुवात केली होती. दहाव्या वाढदिवसाच्या, दहावीच्या नाही. म्हणून चौथी-पाचवीपासनं थोडं थोडं.

भाषण देऊ नका. अमेरिकेत 1983 पासनं पोलीस शाळेत येऊन नशेविरुद्ध धडे द्यायचे असा मोठा कार्यक्रम चालला, लाखो पोरांनी शपथा घेतल्या, नंतर तपासलं तर व्यसनावर फरक जवळपास काहीच नाही. आपल्याकडं पण कॅन्सरग्रस्त जबड्याचे फोटो दाखवले की पोरं दोन मिनिटं गप्प आणि संध्याकाळी टपरीवर. चौदा वर्षांच्या पोराला पन्नाशीतला कॅन्सर म्हणजे दुसऱ्याच्या घरचं लग्न.

दोन-दोन मिनिटं बोला, आणि समोरासमोर बसवून नको. स्कूटरवर बोला, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलात की बोला, भांडी पुसताना बोला. डोळ्यात बघायला लागत नाही तेव्हा पोरं जास्त सांगतात. आणि प्रश्न त्याच्याबद्दल विचारू नका, आजूबाजूबद्दल विचारा. "तुमच्या वर्गात कोण खातंय का रे?" याला उत्तर येतं. "तू खातोस का?" याला फक्त "नाही" येतं. उत्तर आलं की तोंड वाकडं करायचं नाही, त्या मित्राच्या आईला फोन तर अजिबात लावायचा नाही, एकदा लावलात की खिडकी कायमची बंद.

मग नाही म्हणायची प्रॅक्टिस. हे वाचून हसू येईल पण घरात खरंच करून घ्या. एका प्रयोगात पोरांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा गेम दिला होता, 2005 सालची गोष्ट, एकटं खेळताना पोरं बऱ्यापैकी सांभाळून खेळली, मित्र शेजारी उभे राहिले की जोखीम एकदम वाढली. चोविशीच्या पुढच्या माणसांना मित्र असले काय नसले काय, फरक पडला नाही. म्हणजे तुमचं पोरगं घरी शहाणं आहे हे खरंच आहे, फक्त चौकात ते वेगळ्या डोक्यानं चालतं. तिथं विचार करून उत्तर सुचत नाही, तोंडात तयार पाहिजे. "घे की बे, काय होतंय" असं कोणी म्हणलं की "नको बे, तोंड आलंय". "आमचा बाप रोज तोंड हुंगतोय, मारंल". मला वाईट ठरव, बिनधास्त माझं नाव पुढं कर, हे पोराला स्पष्ट सांगून ठेवा. आमच्या घरात मुलीबरोबर एक मेसेज ठरलाय, "आज्जीला औषध दिलं का?" हा आला की मी आहे तिथनं गाडी काढून तिला घ्यायला जायचं आणि सकाळपर्यंत एकही प्रश्न विचारायचा नाही. दोन वर्षांत एकदाच आला. रात्री पावणेअकरा, विजापूर रोड. घरी येईपर्यंत मी गप्प बसलो ते कसं बसलो मला माहीत. सकाळी पोह्याच्या डिशवर तिनं स्वतःच सगळं सांगितलं.

तिसरं: आधी घर झाडा

"जा रे, पप्पांना पुडी घेऊन ये" हे आजपासनं बंद. तुम्ही सोडा नाहीतर सोडू नका, पण पोराच्या हातानं आणू नका, कारण टपरीवाल्याशी ओळख तिथनंच होते. अठराच्या आतल्या पोराला तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे, शाळेपासनं शंभर यार्डात दुकानच चालत नाही, आणि 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 77 प्रमाणे पोराला तंबाखू, दारू किंवा ड्रग देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासनं बंदी, ई-सिगरेटवर देशभर 2019 पासनं. कायदा कागदावर आहे आणि टपरी कोपऱ्यावर, हे मला पण दिसतंय. तरी गल्लीतल्या चार पालकांनी मिळून टपरीवाल्याला शांतपणे कलम सांगितलं तर तो पोरांना द्यायचं बऱ्याचदा थांबवतो, आमच्याकडं थांबवलं.

ज्या घरात आई विड्या वळते त्या घराला शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. या गावातल्या हजारो बायकांनी विड्या वळून पोरं शिकवली. एवढंच सांगतो, तंबाखूचं सूप पोरांच्या अभ्यासाच्या जागेपासनं लांब ठेवा, हिशेब जुळवायला पोरांना बसवू नका, दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

आणि बाप खात असेल तर त्यानं लपून खाऊ नये. "मला सोडायचंय, जमंना झालंय, तू धरू नकोस" असं बापानं तोंडानं म्हणलेलं पोरांच्या आत जातं. मी सोडली तेव्हा पोरगी सहा वर्षांची होती, कॅलेंडरवर रोज फुली तिनं मारली.

चौथं: काय बघायचं

रबर बँड, खिशात तळाला सुपारीचा चुरा, बडीशेप-च्युइंगमचा अचानक वाढलेला शौक, रोज वीस-तीस रुपये कमी पडणं, हे माव्याचं झालं. पण यापेक्षा एक सोपी चाचणी सांगतो. पोराला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगा, एकावर एक, पुढच्या दातांच्या मध्ये. जायला पाहिजेत. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते, तंबाखू नसली तरी होते, नुसती सुपारी पण कॅन्सर करते हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. सुरुवातीला तिखट लागलं की आग होते, शेंगाचटणी खाणारं पोरगं अचानक ताटात दही मागायला लागतं. मग तोंड उघडेनासं होतं. त्या कंपासपेटीवाल्या पोराचं घरच्यांना कुठं कळलं, तर गड्ड्याच्या यात्रेत. पाणीपुरी फोडून दोन घासात खाऊ लालता. बहीण हसली, आईला काहीतरी खटकलं. मी बोटं घालायला लावली तेव्हा दोनच गेली.

व्हाईटनर, पंक्चरचं सोल्यूशन, थिनर यांना हलकं समजू नका. 2019 ला आलेल्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगायची नशा ही एकच अशी निघाली जी मोठ्यांपेक्षा 10 ते 17 वयाच्या पोरांत जास्त, 1.7 टक्के विरुद्ध 0.58. यात पहिल्याच वेळी सुद्धा हृदयाचे ठोके बिघडून पोरगं जागेवर जाऊ शकतं. कपड्याला, रुमालाला पेंटसारखा वास, नाका-तोंडाभोवती पुरळ दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि करताना सापडलंच तर अंगावर ओरडत धावून जाऊ नका, दचकून पळालं की हृदयावर ताण येतो, शांतपणे मोकळ्या हवेत आणा, शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून 108 लावा.

गांजा, गोळ्या, एमडी (मेफेड्रोन नावाचा ड्रग) यांची सविस्तर लक्षणं इथं देत बसत नाही, कारण ती वाचून पालक घरात सीआयडी खेळायला लागतात. गांजाबद्दल एकच, "झाडपाला आहे, त्यानं काय होत नाही" हे कोणी म्हणलं तर घरात कुणाला वेड लागणं, भास होणं असा आजार आहे का ते आठवा, अशा घरातल्या पोरांना कमी वयात गांजा जास्त महागात पडतो.

पदार्थापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे ते मनाचं. मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षाच्या आत सुरू झालेले असतात. आणि पोरांचं डिप्रेशन रडून दिसत नाही, चिडून दिसतं. दोन आठवडे सलग, जवळपास रोज, पोरगं चिडलेलं किंवा बधिर, आवडतं क्रिकेट सोडलं, जेवण बदललं, झोप बदलली, मार्क घसरले, मित्र बदलले, तर ते "वय आहे" म्हणून सोडू नका. माझ्या बघण्यात असं आहे की पुडी किंवा बाटली साधारण चौथ्या-पाचव्या नंबरला येते. त्याच्या आधी कोणीतरी वर्गात चिडवत असतं, इंग्लिश मीडियममध्ये तेलुगू-मराठी घरातलं पोरगं पार बुडालेलं असतं, आई-बापाची रोजची भांडणं असतात, नाहीतर लक्षच एका जागी थांबत नाही असा एडीएचडी असतो जो कोणी तपासलेला नसतो. कंपासपेटीवाल्याचं मूळ काय निघालं सांगू का? तो अडखळत बोलायचा. पुडी तोंडात असली की बोलायला लागत नाही.

पाचवं: सापडलं, आता आजची रात्र

आज काही करू नका. खरंच. पुडी सापडली, बाटली सापडली, तर पहिलं बघायचं की पोरगं शुद्धीत आहे का, उलट्या, श्वास, छातीत काय होतंय का. काही वाटलं तर सरळ दवाखाना. ठीक असेल तर "मला हे सापडलंय, आत्ता मी लै चिडलोय, उद्या बोलू, जेवून घे" एवढंच. मारू नका. मारलं की विषय पुडीवरनं तुमच्यावर जातो आणि पोराची सुटका होते. मामा-काका-आत्या अशी पंचायत बसवू नका. दुसऱ्या दिवशी एकट्यानं, शांत जागी, संभाजी तलावाच्या काठावर नेलंत तरी चालेल, विचारा की पहिल्यांदा कधी आणि कशासाठी, कुणाबरोबर ते विचारू नका. "खाल्ल्यावर काय बरं वाटतं तुला?" या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत ऐका, मध्ये बोलू नका, कारण औषध त्या उत्तरात आहे.

लघवी तपासायची किट चोरून आणू नका, लॉकरचं कुलूप तोडू नका. हे माझं मत आहे, काही लोकं वेगळं सांगतील. डॉक्टरांनी सांगितलं तर पोराला सांगून करा.

आणि एक प्रश्न विचारायला घाबरू नका. "जीव द्यावा असं कधी मनात येतं का?" अशाच सरळ शब्दांत. विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट पोरं मोकळी होतात. रिझल्टच्या आठवड्यात तर विचाराच. हो म्हणलं तर एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या, फवारणीची औषधं कुलपात घाला आणि त्याच दिवशी मानसोपचार डॉक्टर गाठा.

सहावं: जायचं कुठं

14416 हा टेली-मानस, सरकारचा, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, 2022 च्या ऑक्टोबरपासनं चालू आहे. व्यसनासाठी 14446. तंबाखू सोडायला 1800112356. पोराला घरातनंच त्रास असेल तर 1098. फ्रीजवर चिकटवा, पोराच्या फोनमध्ये सेव्ह करा. गावात सिव्हिलला मानसोपचार ओपीडी आहे, केसपेपर काढा आणि जा, तिथं गेलं की वेडा ठरत नाही, मला आमचे एक शेजारी भेटले होते तिथं, आम्ही दोघांनी पण मान हलवून नमस्कार केला आणि आपापल्या नंबरला बसलो. पोलीस केसची भीती वाटत असेल तर ऐका, स्वतःहून उपचार घ्यायला आलेल्या व्यसनी माणसाला अंमली पदार्थांच्या कायद्यातच कलम 64अ प्रमाणे संरक्षण दिलंय.

व्यसनमुक्ती केंद्रात टाकायची घाई मात्र नको. बहुतेक पोरांना घरी राहून, आठवड्याला भेटून उपचार पुरतात. माझ्या ओळखीच्या एकानं जाहिरात बघून बारावीतल्या पोराला एका केंद्रात ठेवलं, पोरगं रात्रीचं उचलून नेलं, चाळिशीतल्या दारुड्यांच्या खोलीत, आणि पळू नये म्हणून पायाला साखळी. दोन महिन्यांनी परत आलं ते नवीन नशांची नावं शिकून. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळी घालायला सरळ बंदी आहे, आणि अठराच्या आतल्याला मोठ्यांपासनं वेगळं ठेवावं लागतं, बरोबर घरचं माणूस राहावं लागतं. म्हणून केंद्रात पाय ठेवल्यावर विचारा: नोंदणी कागद दाखवा, मानसोपचार डॉक्टर कधी येतात, पोरं वेगळी झोपतात का, मी कधीही फोन करू शकतो का, घरच्यांचं समुपदेशन होतं का. एकाला जरी आडवं उत्तर आलं तर उठा. चांगली केंद्रं कशी असतात ते बघायचं तर पुण्याचं मुक्तांगण 1986 पासनं चालू आहे, पेशंटबरोबर घरच्यांना पण बसवतात.

सातवं: सोडायचा पहिला महिना

तंबाखू-मावा असेल तर तारीख ठरवा, परीक्षेच्या आठवड्यात नको. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, तिसरा दिवस तर घरात भांडणाचाच धरा, चिडचिड, डोकेदुखी, पोट साफ न होणं, झोप नाही. तीन-चार आठवड्यांत बहुतेक उतरतं. तलफ आली की ती लाटेसारखी येते आणि पाच-दहा मिनिटांत जाते, तेवढा वेळ काढायचा. गार पाणी घोट घोट, लवंग-बडीशेप, खारे शेंगदाणे, पायऱ्या चढून गच्चीवर जाऊन येणं. सुपारी नको, "बिनतंबाखूची" पण नको. निकोटीनचं च्युइंगम अठराच्या आतल्याला मनानं देऊ नका, डॉक्टरांना विचारून. ज्या रस्त्यावर टपरी आहे तो रस्ता महिनाभर बदला, कंपासपेटीवाल्या पोरानं अशोक चौकाला वळसा घालून यायला सुरुवात केली, सायकलला दहा मिनिटं जास्त.

दारू रोज आणि भरपूर चालू असेल तर मात्र घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेततं. झोपेच्या गोळ्यांचं पण तसंच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायचं.

एखाद्या दिवशी पुन्हा खाईल. मी चौथ्या प्रयत्नात सोडली. त्या दिवशी "बघ, मी म्हणलोच होतो" हे वाक्य गिळा, आणि त्या आधीच्या दोन तासांत काय झालं होतं ते त्याच्याबरोबर बसून लिहा. कुठं होता, कोण होतं, पोटात भूक होती का, झोप झाली होती का. बऱ्याचदा भूक आणि झोपच निघते.

आणि रिकामी झालेली संध्याकाळ भरा. आइसलँड नावाच्या छोट्या देशात 1998 ला पंधरा-सोळा वयाच्या 42 टक्के पोरांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन तर्र झाल्याचं सांगितलं होतं, 2016 ला तो आकडा 5 टक्क्यांवर आला, रोज सिगरेट ओढणारी 23 टक्क्यांवरनं 3 वर. त्यांनी पोरांना खेळ आणि छंदांसाठी पैसे दिले, रात्री उशिरा बाहेर फिरायला बंदी घातली, आणि पालकांना एकमेकांशी बोलायला लावलं. आपल्याकडं सरकार पैसे देईल तेव्हा देईल, तोवर पार्क स्टेडियमवर धावायला जाता येतं, तालमीत जाता येतं, तबला, पोहणं, काहीही, फक्त ते आठवड्यातनं चार दिवस आणि दुसऱ्या पोरांबरोबर पाहिजे, आणि मार्कांची भीती दाखवून दहावीला बंद करायचं नाही.

कंपासपेटीवालं पोरगं आता बारावीला आहे. सिव्हिलला मानसोपचारवाल्या मॅडमकडं सात-आठ वेळा गेला, बोलण्याच्या व्यायामासाठी वेगळं जातो, तोंडाचे व्यायाम दातांच्या डॉक्टरांनी दिलेत. मध्ये दोनदा घसरला, दोन्ही वेळा स्वतः सांगायला आला. दर महिन्याच्या एक तारखेला क्लास सुटल्यावर थांबतो, बाकीची पोरं गेली की दाराकडं बघून बोटं तोंडात घालतो आणि मला दाखवतो. या महिन्यात तिसऱ्या बोटाचं नख आत गेलं.